बीजी-२ कापूस लावूनही फुलात अळी. बियाणं बोगस काय?

सावनेर_४एकर:
चार एकर पऱ्हाटी म्हणजे कापूस, सारी बीजी-२, अळी मारणाऱ्या बीटी बियाण्याची. पंचावन्न दिवस झाले. आज घरच्यांनी निंदताना मिटलेली दहा-बारा फुलं तोडून आणली, उघडली तर आत अळी. मागच्या साली अर्धी कवडीच, म्हणजे किडका कापूस, वेचली होती. कृषी केंद्रवाला म्हणते बियाणं एक नंबर. मग अळी काऊन मरत नाही?

काटोलचा_म्हातारा:
ही डोमकळी, भाऊ. आत शेंदरी अळी राहते, तिलाच गुलाबी म्हणतात. पऱ्हाटीवर हिरवी अळी दिसली काय? नाही ना? मग बियाणं बहुतेक खरंच असेल. शंका असेल तर पानाचा रस तपासायची पट्टी मिळते, आपल्या नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेनंच काढली होती.
2002 मध्ये बीटी आलं, झाडातच अळी मारणारं विष असलेलं; त्यात विष एकच. ते शेंदरीनं पचवलं, 2010 मध्ये गुजरातचं प्रकरण बीटी आणणाऱ्या कंपनीनं स्वतः कबूल केलं. 2006 च्या बीजी-२ मध्ये दोन विषं होती, तीही पचली. 2017 चा शेंदरीनं खाल्लेला हंगाम आठवत असेलच. हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावर बिनविषाचं खाऊन वाढते, शेंदरीला मात्र कापसाशिवाय जमत नाही. म्हणून थैलीत 120 ग्रॅमचं बिगर-बीटीचं पाकीट यायचं. त्या झाडांवर साधे पतंग वाढावे, विष पचवणाऱ्यांशी जुळावे, पुढची पिढी बीटीनं मरावी. मी काय केलं? पाकीट कोठ्यात टाकलं, उंदरांनी खाल्लं. वरून दोन क्विंटलच्या लोभानं मार्चपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पऱ्हाटी उभीच. अळीला बारमाही खानावळ!

हिंगणा_कापूस:
काका बरोबर. आता डोमकळ्या रोज तोडा अन् जाळा, धुऱ्यावर फेकू नका. कामगंध सापळे लावा, मादीच्या वासानं नर पतंग त्यात येतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की फवारणीचं बघा. पुढं बोंडं धरली की वीस हिरवी फोडायची, दोनात अळी म्हणजे उशीर नको. बाहेरून बोंड ठणठणीत दिसते, फसू नका.

सावनेर_४एकर:
सापळे आजच आणतो. डिसेंबरात पऱ्हाट्या उपटीनही. पण धुऱ्यापलीकडं सासऱ्याचं वावर आहे, ते फरदड सोडत नाहीत. तिकडचे पतंग माझ्याकडं येतीलच ना?

काटोलचा_म्हातारा:
येतीलच. सासूबाईंकडून सांगून पाहा.