पहिलं डिमॅट खातं : कमी खर्चाचा ब्रोकर कसा निवडावा?

कोरीवही
नमस्कार मंडळी. शेअरमध्ये पहिल्यांदाच पैसे घालायचे आहेत. दरमहा ५ हजारांच्या आसपास, घेऊन ठेवायचे. इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं), एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) काही नको. जो तो ब्रोकर कशावर तरी 'शून्य' लिहितोय : कुणाचं खातं फुकट, कुणाची दलाली, कुणाची वर्षाची फी. प्रत्यक्षात खर्च कुठे कमी येतो? आणि स्वस्त ब्रोकरकडे शेअर सुरक्षित राहतात ना?

हिशेबनीस
आधी तुमचाच एक सौदा कागदावर मांडा. ५,००० चे शेअर घेतले आणि त्याच भावाला विकले असं धरा. एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) दोन्ही बाजूंना ०.१ टक्का, म्हणजे ५ अधिक ५. स्टँप ड्युटी फक्त खरेदीवर ०.०१५ टक्के, पाऊण रुपया. एक्स्चेंज (शेअर बाजार) आणि सेबी (बाजाराची नियामक संस्था) यांचे चार्ज जीएसटीसकट ४० पैशांच्या आत. झाले साधारण ११ रुपये. हे कुठेही गेलात तरी लागणारच, त्यामुळे तुलनेतून काढून टाका.

फरक पडतो तो दलाली, डीपी चार्ज आणि एएमसी (डिमॅटची वर्षाची फी) या तिघांत. ऑर्डरमागे सरसकट २० रुपये घेणारा ब्रोकर असेल तर दोन ऑर्डरींचे ४० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७.२०. डीपी चार्ज विकताना लागतो, शेअर डिमॅटमधून बाहेर जातात म्हणून. ब्रोकरप्रमाणे जीएसटीसकट १५ ते २५ रुपये. आता बेरीज करा. डीपी चार्ज १५ धरला आणि डिलिव्हरीला (म्हणजे घेऊन ठेवायच्या शेअरना) दलाली शून्य असेल तर सगळा खर्च २६-२७ रुपये, म्हणजे साधारण अर्धा टक्का. २० रुपयेवाल्याकडे तोच ७४ च्या आसपास, जवळजवळ दीड टक्का. १ लाखाच्या सौद्यात मात्र एसटीटीच २०० रुपये जातो, तिथे २० रुपये दलालीने काही बिघडत नाही. तुमची रक्कम लहान आहे, म्हणून तुम्हाला तो आकडा टोचणार.

'२० रुपये किंवा ०.१ टक्का, यातलं जे कमी' असं लिहिलेलं असेल तर खालची बारीक ओळ वाचा. तिथे बहुतेकदा किमान दलाली असते. किमान ५ रुपये असेल तर १,००० च्या खरेदीला ०.१ टक्क्याने १ रुपया होतो, पण कापले जातात ५.

आणि डीपी चार्ज शेअरच्या संख्येवर नसतो. बहुतेक ठिकाणी एका कंपनीला एका दिवसाचा एकदा लागतो. एकाच कंपनीचे ३ शेअर तीन दिवस एकेक करून विकलेत तर तीनदा भराल, एका दिवसात विकलेत तर एकदाच. काही जण दर व्यवहाराला लावतात. दरपत्रकात 'प्रति आयएसआयएन प्रति दिवस' आहे का ते पाहा (आयएसआयएन म्हणजे त्या शेअरचा ओळख क्रमांक).

दलालस्ट्रीट
हिशेबनीस, +१. नावानिशी बोलायचं तर घेऊन ठेवणाऱ्यासाठी माझं मत झिरोधा किंवा धन या ब्रोकरना. दोघांकडे डिलिव्हरीला दलाली नाही. ग्रोकडे एएमसी नाही, पण डिलिव्हरीला दलाली आहे. एंजल वनकडे पूर्वी डिलिव्हरी फुकट होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून दलाली लागते.

यामागचं कारण समजून घ्या. एक्स्चेंज ब्रोकरकडून उलाढालीच्या टप्प्यानुसार चार्ज घ्यायचं. मोठ्या ब्रोकरला कमी दर पडायचा, पण तो ग्राहकाकडून वरच्या दराने वसूल करायचा आणि मधला फरक त्याची कमाई. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्यांना एकच दर केला, कमाई गेली, आणि काहींनी ती डिलिव्हरीवर दलाली लावून भरून काढली. म्हणून जुने व्हिडिओ बघून खातं उघडू नका. ब्रोकरच्या साइटवरचं आजचं दरपत्रकच वाचा.

तारण
एएमसीबद्दल कुणी सविस्तर बोललं नाही, आणि नवख्याचा पैसा तिथेच जातो. वर्षाला ३०० अधिक जीएसटी म्हणजे ३५४ रुपये. ५० हजारांच्या होल्डिंगवर ते ०.७ टक्का होतात, दरवर्षी, तुम्ही काहीही न करता. यावर सोय आहे : बीएसडीए, म्हणजे मूलभूत सेवांचं डिमॅट खातं. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला एएमसी शून्य, ४ ते १० लाखांना वर्षाला १०० रुपये. अट एकच, पहिले खातेदार म्हणून तुमच्या नावावर एकच डिमॅट हवं, दोन्ही डिपॉझिटरी (शेअर सांभाळणाऱ्या संस्था, सीडीएसएल आणि एनएसडीएल) मिळून. ऑफर दिसली म्हणून तीन ठिकाणी खाती उघडलीत की ही सवलत गेली.

सुरक्षेबद्दल : शेअर ब्रोकरकडे नसतात, सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे तुमच्या नावावर असतात. २०१९ मध्ये एका मोठ्या ब्रोकरने ग्राहकांच्या मुखत्यारपत्राचा वापर करून त्यांचे शेअर परस्पर गहाण टाकल्याचं उघड झालं. त्यानंतर नियम घट्ट झाले. आता तारण ठेवायला डिपॉझिटरीकडून ओटीपी येतो. तरीही होल्डिंग फक्त ब्रोकरच्या ॲपमध्ये बघून समाधान मानू नका. सीडीएसएलची 'इझी' सेवा फुकट आहे, तिथे लॉगिन करून आकडा जुळवा. आणि ट्रेडिंग खात्यात रोकड पडून ठेवू नका, खरेदीच्या दिवशीच टाका.

कोरीवही
खूप आभार. दोन शंका. खातं उघडताना डीडीपीआयवर सही मागतात, ती द्यावी का? आणि पहिल्या ऑर्डरला हमखास काय चुकतं?

तारण
डीडीपीआय सक्तीचं नाही. त्याने ब्रोकरला विक्रीच्या वेळी तुमचे शेअर डिमॅटमधून काढता येतात, मार्जिनसाठी तारण ठेवता येतात, असे मोजकेच अधिकार मिळतात. वर्षातून चार-पाचदा विकणाऱ्याला त्याची गरज नाही. सीडीएसएलकडे टीपिन (विक्रीला मंजुरी द्यायचा तुमचा पिन) आणि ओटीपी टाकलं की काम होतं. फक्त टीपिन आधीच मागवून ठेवा, विकायच्या घाईत शोधत बसू नका. ठरावीक भाव आला की आपोआप विकणारी ऑर्डर लावायची असेल तरच डीडीपीआय सोयीचं पडतं.

दलालस्ट्रीट
चुका होतात त्या ऑर्डरच्या खिडकीत. ५,००० ची खरेदी आहे आणि खाली 'लागणारी रक्कम' १,००० च्या जवळपास दिसतेय, तर थांबा. इंट्राडे निवडलं गेलंय, किंवा ब्रोकरच्या उधारीवरचं एमटीएफ. इंट्राडे असेल तर बाजार बंद होण्याआधी ब्रोकर स्वतः सौदा तोडतो आणि बरेच जण त्याचे ५० रुपये अधिक जीएसटी लावतात. एमटीएफ असेल तर दररोज व्याज चढतं, आणि ते महिनोन्महिने लक्षात येत नाही. 'डिलिव्हरी' निवडा, रक्कम पूर्ण दिसली पाहिजे. कमी उलाढालीच्या शेअरला मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाची) नको, लिमिट (तुम्ही ठरवलेल्या भावाची) टाका. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट (दिवसाच्या सौद्यांचं बिल) येते, तिच्यात दलालीची ओळ दरपत्रकाशी ताडून पाहा.

फॉर्म भरताना एफ अँड ओच्या चौकटीवरची खूण काढून टाका.

हिशेबनीस
तारण यांनी सांगितलेल्या अटीला जोडून. बँकेत खातं उघडताना कधीतरी डिमॅटही उघडलं गेलेलं असतं आणि ते विसरलेलं असतं. नवीन उघडण्याआधी मेलमध्ये 'सीएएस' शोधा. डिपॉझिटरीकडून येणाऱ्या त्या एकत्रित पत्रकात तुमच्या पॅनवरची सगळी डिमॅट खाती दिसतात. जुनं सापडलं तर आधी त्याची थकलेली एएमसी भरा. मग नव्या ब्रोकरकडून क्लायंट मास्टर लिस्ट (नव्या खात्याच्या तपशिलाचा कागद) घेऊन बंद करण्याच्या फॉर्मसोबत जोडा. खातं बंद करताना स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात शेअर हलवले तर हस्तांतराचे पैसे लागत नाहीत. जुनं बंद झाल्याचा मेल आला की नव्या ब्रोकरला बीएसडीएबद्दल लेखी कळवा आणि पुढच्या बिलात एएमसी शून्य दिसतेय का ते बघा.