मदत हवी आहे : उबवणी यंत्रात शेवटच्या तीन दिवसांत आर्द्रता कशी वाढवावी?

नमस्कार. मी नाशिकजवळ मखमलाबादला राहतो आणि घरच्या गावरान कोंबड्यांची अंडी छोट्या यंत्रात उबवतो. मागच्या खेपेस १५ फलित अंड्यांतून नऊच पिल्ले बाहेर आली. चार पिल्लांनी कवचाला टोचा मारला होता, परंतु आतील पापुद्रा कागदासारखा वाळून अंगाला चिकटल्यामुळे ती तिथेच दगावली.

तापमान ३७.५ अंशांवर स्थिर होते. अठराव्या दिवसापर्यंत आर्द्रता ४५ ते ५० टक्के राखली. त्यानंतर ती ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची होती, पण एप्रिलमधील कोरड्या हवेत वाटी काठोकाठ भरूनही आकडा ५५ च्या वर सरकेना. शिवाय उत्सुकतेपोटी मी झाकण वारंवार उघडले, ही चूक मान्य आहे. आर्द्रतामापक ओल्या मिठासोबत बंद डब्यात रात्रभर ठेवून पाहिला, तेव्हा त्याने ७५ ऐवजी ८१ दाखवले (ओल्या मिठामुळे बंद डब्यात आर्द्रता ७५ टक्के राहते). म्हणजे यंत्रातील प्रत्यक्ष आर्द्रता ५५ हूनही कमीच असणार.

पाण्याची खोली नव्हे, तर पृष्ठभाग वाढवावा लागतो, हे आता समजले आहे. त्यासाठी पसरट ताटली व ओला स्पंज पुरेसा होईल, की हवेची भोकेही थोडी झाकावीत? नेमक्या त्याच वेळी पिल्लांना प्राणवायू अधिक लागतो, त्यामुळे भोके झाकण्यास मन धजत नाही. नाशिकच्या उन्हाळ्यात कोणी अंडी उबवली असल्यास कृपया अनुभव सांगावा.