मदत हवी आहे: मार्जिन क्लिअर होतं, तरी तोंडात दुसऱ्या जागी बदल कसे?

माझ्या काकांच्या जिभेच्या डाव्या कडेची कर्करोगाची गाठ काढली तेव्हा रिपोर्टमध्ये मार्जिन क्लिअर आलं होतं, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडांत कर्करोग दिसला नव्हता. आता उजव्या गालाच्या आत पांढरट चट्टा दिसतोय. खरवडला तरी निघत नाही, बायोप्सीत डिसप्लेशिया (कर्करोगाआधीचा पेशींमधला बिघाड) आलाय. तंबाखू वर्षानुवर्षं खाल्ली, ऑपरेशननंतर बंद. काकू सारखी विचारते, "सगळं काढलं म्हणाले होते ना?" तिला नीट सांगता यावं म्हणून वाचायला घेतलं.

१९५३ मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाचे ७८३ रुग्ण अभ्यासले. गाठीभोवतीचं वरून बरं दिसणारं अस्तरही बिघडलेलं होतं, आणि सुमारे ११ टक्के रुग्णांत एकाहून जास्त स्वतंत्र गाठी होत्या. याला त्यांनी 'फील्ड कॅन्सरायझेशन' म्हटलं. मला कळलं ते असं: तंबाखूचा रस एका पेशीला नाही, सगळ्या अस्तराला लागतो. एखाद्या मूळ पेशीत (स्टेम सेल) पी५३ हे पेशींची वाढ आवरणारं जनुक बिघडतं, तिची पिल्लावळ शेजारच्या निरोगी पेशींना हटवत पसरते. त्या पट्ट्यात कुठेही आणखी म्युटेशनं (जनुकांतले बदल) साचली की कर्करोग. १९९५ च्या एका अभ्यासात तर सूक्ष्मदर्शकाखाली मार्जिन क्लिअर ठरलेल्या २५ पैकी १३ जणांच्या कडांत त्यांच्याच गाठीतलं पी५३ म्युटेशन सापडलं. म्हणजे सर्जननी गाठ पूर्ण काढली हे खरंच, पण खालची जमीन तशीच राहिली. काकूला हेच सांगायचंय, फक्त ती घाबरणार नाही अशा शब्दांत. हे बरोबर आहे ना?

आता जिथे अडलोय ते. चट्टा पार दुसऱ्या बाजूला आहे. जिभेवरचाच पट्टा तिथवर पोचला, की तंबाखूने तिथे वेगळा बिघाड केला? दोन्ही नमुन्यांतली म्युटेशनं ताडून पाहिली तर ते कळतं असं वाचलं, पण त्याने उपचार बदलतात का? की चट्टा काढून लक्ष ठेवायचं, एवढंच दोन्हीकडे?

तंबाखू सोडल्याने धोका कमी होतो हे माहीत आहे, काकांनाही ते सतत सांगतो. पण बिघडलेलं अस्तर पुन्हा निरोगी पेशींनी भरून येतं का? २०२० मध्ये धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळजवळ निरोगी पेशी पुन्हा वाढलेल्या आढळल्या. तोंडाबद्दल असं काही माहीत आहे का?

इथे कोणी ओरल पॅथॉलॉजिस्ट किंवा हेड-नेक सर्जन असतील तर एवढं जरूर सांगा: पुढच्या भेटीत तोंडासोबत घसा आणि अन्ननलिकेचीही तपासणी आम्ही मागून घ्यावी का? उपचार डॉक्टरच ठरवतील, मला फक्त योग्य प्रश्न घेऊन जायचंय.