आतड्याचं अस्तर भाजून मधुमेह आटोक्यात? कुणाला माहिती आहे का?

सातारकर_अ‍ॅमस्टरडॅम:
वय ५४, टाइप २ ला ११ वर्षं झाली, रात्री २२ युनिट इन्सुलिन. इथल्या डॉक्टरांनी लहान आतड्याच्या सुरुवातीचं अस्तर गरम पाण्याने भाजण्याच्या चाचणीबद्दल सांगितलं. बायको म्हणाली, "आतडं म्हणजे काय वांगं आहे?" तेव्हापासून डोक्यात तेच. हे नक्की करतात काय?

पोटाचा_डॉक्टर:
कापाकापी नाही. तोंडातून कॅथेटर (टोकाला फुगा असलेली बारीक नळी) जठराच्या पुढे नेतात. आधी अस्तराखाली सलाइन सोडून ते उचलून घेतात, म्हणजे खालच्या स्नायूला चटका बसत नाही. मग फुग्यात साधारण ९० अंशांचं पाणी, काही सेकंद. जाडावलेलं अस्तर जाऊन नवं येतं. कल्पना वजन घटवायच्या (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) बायपास शस्त्रक्रियेवरून सुचली: तिथे अन्न हा भाग टाळून जातं आणि वजन उतरायच्या आधीच साखर उतरते. चिलीतल्या पहिल्या अभ्यासात (२०१६) ३९ रुग्णांचं एचबीए१सी (मागच्या २-३ महिन्यांची सरासरी साखर टक्क्यांत दाखवणारी रक्तचाचणी) ६ महिन्यांत सरासरी १.२ टक्के-अंकांनी घटलं. मात्र तिघांचं आतडं आकसलं, फुग्याने रुंद करावं लागलं. हे आधी विचारा.

आकडेमोड्या:
तुमच्याच शहरात १६ जणांवर लिराग्लुटाइड या मधुमेहाच्या इंजेक्शनच्या जोडीने केलंय. ६ महिन्यांनी ११ जणांचं इन्सुलिन बंद! पण तुलनेला दुसरा गट नव्हता. श्रेय भाजण्याचं किती नि इंजेक्शनचं किती, कसं ठरवणार? मी तुलनेचा गट असेल तरच सही करीन.

सातारकर_अ‍ॅमस्टरडॅम:
आभार दोघांचे. नंतर २ आठवडे पातळ-मऊ खायचं म्हणे. नेमके त्यातच गणपती. तारीख पुढे ढकलता येते का, उद्या विचारतो.