मदत हवी आहे: इतिहासाच्या प्रकल्पात सगळी पोरं कशी गुंतवायची?

नमस्कार मंडळी. मी अचलपूर तालुक्यात सातवीला इतिहास शिकवतो. बहमनी राज्याची शकलं झाली, 1490 मध्ये वऱ्हाडात इमादशाही आली, 1574 मध्ये निजामशाहीने ती गिळली, एवढं पोरं घोकतात आणि पेपर झाला की विसरतात. इमादशाहीची राजधानी आपलं अचलपूरच होतं, हे सांगितल्यावर मात्र वर्ग चपापला!

म्हणून यंदा प्रकल्प घेतला. नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाज्यावरच्या 1487 च्या फारसी लेखाचे फोटो फळ्याशेजारी लावले. एक पोरगी, एरवी तोंड न उघडणारी, घरून उर्दूचं पुस्तक घेऊन आली आणि फोटोतली अक्षरं त्याच्याशी जुळवत बसली. मग हिजरी सनावर गाडी गेली. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो, हे पोरांनी जुनी कॅलेंडरं चाळून स्वतः काढलं. मला फार आनंद झाला.

पण सहा जणांच्या गटात दोघंच राबतात. कापूस वेचणी लागली की निम्मी पोरं शेतात, आणि परत आली की मागेच बसतात.

त्यांना घरून, शेतातून करता येईल असं कोणतं काम द्यावं? गुण गटाला द्यावे की एकेकाला? ज्यांनी असे प्रकल्प घेतलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. फारसी वाचणारं कुणी वऱ्हाडात असेल तर तेही कळवा, पोरं वाट पाहत आहेत.