मदत हवी: सीएनजी गाडीत रायफल सुरक्षित कशी ठेवायची? डिकीच नाही

नमस्कार मंडळी. मी कागलचा, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, आणि पॉइंट टू टू रायफलनं पन्नास मीटर प्रोन (पालथं झोपून) मारतो, हौस म्हणून, स्टेटच्या पुढं काय गेलो नाही अजून. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात रायफलचं ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्याकडं सगळेच रायफलवाले झालेत, पण मी त्याच्या आधीचा आहे एवढं सांगून ठेवतो, हाहा. लायसन्स माझ्याच नावावर आहे, ऑल इंडिया व्हॅलिडिटी आहे, कागदाचा काय प्रॉब्लेम नाही.

प्रॉब्लेम गाडीचा आहे. सकाळी कोल्हापुरात शूटिंग रेंजवर जातो, तिथनं थेट ड्युटी, आणि घर ड्युटीच्या पलीकडं. म्हणजे रेंज सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत रायफल गाडीतच राहणार. कंपनीत आत हत्यार न्यायला बंदी आहे, ते बरोबरच आहे त्यांचं, मी सिक्युरिटीला विचारलंसुद्धा नाही. पार्किंग गेटबाहेर रस्त्याकडेला. गाडी हॅचबॅक, सीएनजी, त्यामुळं डिकीत सिलिंडर बसलाय आणि उरलेल्या जागेत स्टेपनीपण धड मावत नाही. रायफलची केस सव्वा मीटरच्या वर. मागच्या सीटवर आडवी टाकली की या दारापासून त्या दारापर्यंत जाते आणि बाहेरनं जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्यांना दिसते, वर चादर टाकली तर आणखीनच डोळ्यात भरते. कोणीतरी बघून काच फोडायला किती वेळ लागतोय.

तर विचारायचंय असं की गाडीत बोल्टनं फिट करायचा लॉकर कोणी बनवून घेतलाय का? नेटवर बघितले ते सगळे बाहेरच्या देशातले, मोठ्या पिकअपच्या मागं ड्रॉवरसारखे, आपल्या गाडीत त्यातलं काय बसत नाही. दुसरं, काचांना काळी फिल्म लावली तर चालेल का? आणि तिसरं, महिन्यातनं पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजला जाणं होतं, कधी एकटाच असतो, मध्ये कराडला नाहीतर पेठ नाक्याला चहाला उतरलं तर केस गाडीत ठेवायची का खांद्यावर घेऊन हॉटेलात जायचं? अनुभव असलेल्यांनी सांगा. "बंदूक कशाला पाहिजे" वाल्यांनी दुसरीकडं जावा प्लीज.

रंकाळ्याचा_वारा
फिल्मचं पहिल्यांदा सांगतो. २०१२ ला सुप्रीम कोर्टानं काचेवर फिल्म चिकटवायलाच बंदी घातली होती, आणि काळी फिल्म आजही चालत नाही. नाक्यावर फिल्मसाठी अडवणार, आत बघणार तर बंदूक. कशाला बोलावून घेतोस भावा.

तर्कट_तात्या
गिटारच्या पिशवीत घाल की. लोक म्हणतील आला बघा गाणारा.

जुना_नेमबाज
तात्या, हसण्यावारी नेऊ नका, त्यात निम्मं खरं आहे. बंदुकीसारखी न दिसणारी पिशवी हा पहिला उपाय. पण प्रश्न विचारणाऱ्याला स्पष्ट सांगतो, तुम्ही लॉकर कुठला घ्यायचा ते विचारताय आणि मुळात आठ-नऊ तास बंद गाडीत रस्त्याकडेला रायफल ठेवायचीच नाहीये. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी लांब बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. तुम्ही कंपनीत मशीनवर आणि रायफल गेटबाहेर, याला ताबा कोण म्हणेल? चोरी झाली तर रायफल जाईल ती जाईल, लायसन्सवर येईल ते वेगळं आणि ती रायफल पुढं कुणाच्या हातात पडेल याचा विचार करा.

शिवाय उन्हाचा विचार केलाय का? एप्रिलमध्ये बंद गाडी साठ डिग्रीच्या घरात जाते. त्या उष्णतेनं काडतुसं काय आपोआप उडत नाहीत, पण मॅचच्या गोळीवर जो मेणासारखा लेप असतो तो मऊ पडतो आणि मग पन्नास मीटरवर ग्रुप का उघडला, गोळ्या का विखुरल्या म्हणून तुम्ही साइट फिरवत बसणार. लाकडी कुंदा असेल तर तोही हलतो. आणि एअर रायफलवाल्यांसाठी, दोनशे बार दाबाच्या हवेनं भरलेला सिलिंडर उन्हात गाडीत ठेवू नका, कंपन्यांच्या पुस्तकातच ते लिहिलेलं असतं.

गाडीतनं नेताना माझी पद्धत अशी. रेंजवरच रायफलचा बोल्ट (गोळी आत ढकलणारा मागचा सरकता दांडा) काढायचा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासायचा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामा आहे हे दाखवणारी रंगीत पट्टी) घालायचा, मग केस. बोल्ट केसमध्ये ठेवायचाच नाही, तो माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये, मी संडासला गेलो तरी माझ्याबरोबर. बोल्टशिवाय रायफल म्हणजे नुसता पाइप, चोराला दुसरा बोल्ट मिळवणं सोपं नाही. गोळ्या तिसऱ्या ठिकाणी, छोट्या कुलपाच्या डब्यात.

कागलकर_शूटर (धागाकर्ता)
बोल्टचं मान्य, मी तो केसमध्येच एका कप्प्यात ठेवत होतो, आजपासून बंद. पण आठ तासांचं काय करू? कागलला परत जाऊन यायचं म्हणजे शिफ्ट चुकते.

फुलेवाडी_फास्ट
अरे गावात मावशी काकू कोण न्हाई का? त्यांच्याकडं टाक आणि जा.

जुना_नेमबाज
हे अजिबात करू नका!! मावशीच्या नावावर लायसन्स नाही, तिच्या घरात तुमच्या गैरहजेरीत रायफल म्हणजे तीसुद्धा अडकली आणि तुम्हीसुद्धा. ठेवायचीच असेल तर लायसन्सवाल्या शस्त्र विक्रेत्याकडं रीतसर जमा करून पावती घेता येते, इलेक्शनला पोलीस ठाण्यात जमा करतो त्यातलाच प्रकार. पण रोज सकाळी जमा आणि संध्याकाळी परत असं तो करून देईल का हे त्यालाच विचारा, बहुतेक वैतागेल.

आजरेकर_१२बोअर
मधी घुसतो थोडं. आमची बारा बोअर डबल बॅरल हाय, वडिलांच्या पीक राखायच्या लायसन्सवर होती, आता माझ्या नावावर झालीया. गव्यांनी आणि डुकरांनी ऊस आणि भात ठेवलाय कुठं. वडील जीपच्या सीटमागं उभी ठेवायचे, तीपण भरलेली, खड्ड्यात गाडी आपटली की आम्हा पोरांच्या पोटात गोळा यायचा. मी बोलेरोत नेताना काय करावं?

जुना_नेमबाज
दादा, तुमचं काम सगळ्यात सोपं आहे. डबल बॅरल मोडून तीन तुकडे होतात, नळ्या, पुढचा लाकडी भाग आणि कुंदा. नळ्या वेगळ्या, कुंदा वेगळा, दोन्ही एका आखूड पेटीत, पेटी सीटखाली साखळीनं बांधलेली. काडतुसं दुसरीकडं. चालत्या गाडीत भरलेली बंदूक कधीच नाही, गवा समोर उभा असला तरी नाही, आणि गव्यावर बंदूक उचलायला तसाही कायदा परवानगी देत नाही हे तुम्हाला माहीत असेलच.

दाजीपूर_रस्ता
आजरेकर, आणखी एक. कोकणात जाताना राधानगरी दाजीपूर मार्गे फोंडा घाट उतरणार असाल तर बंदूक बरोबर घेऊ नका. तो भाग अभयारण्यात येतो आणि वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे अभयारण्यात हत्यार घेऊन शिरायला लेखी परवानगी लागते. लायसन्स खिशात आहे हे उत्तर तिथं चालत नाही. गगनबावड्यानं जाणार असला तरी त्या बाजूचं कुठलं जंगल राखीव आहे ते आधी विचारून घ्या. निप्पाणी बेळगावकडं जायचं असेल तर लायसन्स फक्त महाराष्ट्रापुरतं आहे का तेही बघा, कोगनोळीपासूनच दुसरं राज्य.

आजरेकर_१२बोअर
हे म्हाईत नव्हतं बघा. देवगडला पाव्हणं हायत, दरवेळी त्याच रस्त्यानं जातोय. बंदूक घरातच ऱ्हाईल.

उद्यमनगरचा_पत्रा
आमचं फॅब्रिकेशनचं काम आहे, शिवाजी उद्यमनगरात, म्हणून पेटीबद्दल लिहितो. सीएनजी गाडीत फ्लोअरला भोकं पाडायचा विचार डोक्यातनं काढा. खालनं गॅसची पाइप जाते, वायरिंग जातंय, एक ड्रिल चुकलं तर रायफल राहू दे गाडीच जाईल. वेल्डिंग तर नावच काढू नका. गाडीचे जे आधीचे बोल्ट आहेत त्यातले सीटबेल्टचे बोल्टसुद्धा सैल करून पट्टी घालू नका, अपघातात तेच माणसाला धरतात.

त्यापेक्षा असं करा. चौदा गेजचा म्हणजे साधारण दोन एमएमचा पत्रा, लांब चपटी पेटी, झाकणाची बिजागरी आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरनं पिन ठोकून निघायला नको. कुलूप बाहेर लोंबतं नको, पत्र्याच्या खोबणीत बसणारं घ्या, कटरचं तोंड आत जात नाही. आतून ईव्हीए फोम. मागच्या सीटच्या पायाशी आडवी बसते का ते आधी पुठ्ठ्याचा सांगाडा करून बघा, बऱ्याच हॅचबॅकला मधला बोगदा, म्हणजे फ्लोअरचा उंचवटा, आडवा येतो. पुढच्या सीटच्या खालची जी लोखंडी पट्टी असते तिच्याभोवती आठ-दहा एमएमची वायररोप फिरवून पेटीच्या आतनं कुलूप. पण खोटं बोलत नाही, बॅटरीवरच्या ग्राइंडरपुढं यातलं काहीच फार वेळ टिकत नाही. ही पेटी तुम्ही चहा पिताना पाच-दहा मिनिटं टिकायला, शिफ्टभर टिकायला नाही.

कागलकर_शूटर
बोगदा आहेच माझ्या गाडीला, आत्ताच खाली जाऊन टॉर्च मारून बघितला. मग पेटी तिरकी राहणार आणि ड्रायव्हर सीट मागं घेता येणार नाही. माझी उंची जास्त आहे.

जुना_नेमबाज
तुमचा कुंदा ॲल्युमिनियमचा आहे का? असेल तर मागचा बट (खांद्याला टेकतो तो भाग) निघतो, गाल टेकायच्या चीकपीससकट. रीडिंगच्या खुणा आहेत तिथं मार्करनं रेघ मारून ठेवायची आणि काढायचा. लांबी बरीच कमी होते. पण बॅरल आणि ॲक्शन कुंद्यातनं रोज काढू नका, स्क्रूचं टॉर्क जरा बदललं की झिरो, म्हणजे नेमाची जुळणी, हलतो.

लेकीची_आई_सांगली
माझी मुलगी शूटिंग करते आणि गाडी मीच चालवते, म्हणून पुण्याच्या प्रवासाचं मी सांगते. आम्ही दोघी कधीच एकदम उतरत नाही, एक गाडीत, एक बाहेर, मग बदली. तुम्ही एकटे असाल तर केस बरोबर घ्या सरळ, लाजायचं काय त्यात, लोकांना वाटतं क्रिकेटचं किट आहे. हॉटेल असं बघा की टेबलावरनं गाडी दिसली पाहिजे. डिझेल, हवा, बाथरूम सगळं घरनं निघतानाच उरकून घ्या, दोनशे तीस किलोमीटरच तर आहे. लायसन्स ओरिजिनल जवळ पाहिजे, झेरॉक्स नाही. नाकाबंदीला पोलिसांनी गाडी उघडायला सांगितली तर आधी तोंडानं सांगायचं, साहेब आत स्पोर्ट्सची रायफल आहे, रिकामी आहे, लायसन्स इथं आहे, आणि मग ते म्हणतील तसं. न सांगता केसला हात घालायचा नाही. मुक्काम असेल तर रात्री गाडीत नाही म्हणजे नाही, स्पर्धेच्या ठिकाणी शस्त्रं जमा करून घेत असतील तर तिथं पावतीवर, नाहीतर खोलीत पलंगाच्या लोखंडाला केबलनं.

आणि दादा, गाडीच्या मागच्या काचेवर टार्गेटचं किंवा शूटरचं स्टिकर असेल तर ते आधी खरवडा. आमच्या ओळखीतल्यांनी हौसेनं लावलंय, म्हणजे आत काय आहे त्याचा बोर्डच की.

कागलकर_शूटर
ताई, स्टिकर होतं. काढलं आत्ता.

रंकाळ्याचा_वारा
मला एक सांग, रोज पॉइंट टू टूच मारायला पाहिजे असं कुठंय? आमच्या बॅचमधली चांगली चांगली पोरं आठवडाभर घरी ड्राय, म्हणजे गोळी न घालता सराव करायची, भिंतीवर छोटं टार्गेट लावून, होल्ड आणि ट्रिगर तेवढंच, आणि गोळ्या फक्त रविवारी. गोळ्यांचे दर बघता खिशालापण बरं. रविवारी तुला ड्युटी नाही, रेंज सुटली की कागल. वीस-पंचवीस मिनिटांत रायफल घरच्या कपाटात.

उद्यमनगरचा_पत्रा
हे एकदम बरोबर बोलला. नाहीतर शिफ्ट बदलून घे. सेकंड शिफ्ट मिळाली तर सकाळी रेंज, घर, जेवण, मग ड्युटी.

कागलकर_शूटर
सेकंडचं सुपरवायझरला विचारतो, महिन्यातनं दोन आठवडे तर मिळेल. त्या आठवड्यात सकाळी रेंज करून रायफल घरी टाकून ड्युटीला. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ड्राय आणि रविवार. म्हणजे रायफल गाडीत फक्त येताजाता, मी गाडीत असतानाच. पेटी तरी बनवतोच, पुण्यासाठी, बट काढून मावेल अशी. पत्रासाहेब, माप काढून तुमच्याकडं येतो शनिवारी.

उद्यमनगरचा_पत्रा
या. येताना रायफल आणू नका, रिकामी केस आणा, तेवढ्यानं माप मिळतं. बट काढल्यावरची लांबी घरी टेपनं मोजून कागदावर लिहून आणा, दोन्ही बाजूला दोन-दोन इंच फोमसाठी धरा.

जुना_नेमबाज
आणि फोमच्या पेटीत रायफल कायमची ठेवू नका. आपल्याकडं जून ते सप्टेंबर फोम दमट राहतो, आठवड्यात नळीवर तांबूस ठिपके दिसतात. घरी पोचलं की बाहेर काढायची, तेलाचं फडकं मारायचं, पेटी उघडी वाळत ठेवायची. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी त्या अधूनमधून गरम करून घ्याव्या लागतात, एकदा टाकून विसरायच्या नाहीत. सिरीयल नंबरचा आणि लायसन्सचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरात कुणाला तरी पाठवून ठेवा. उद्या काही झालंच तर जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच जायचं, आधी गाडीत शोधत बसायचं नाही.

तर्कट_तात्या
म्हणजे गिटारची पिशवी रद्द?

कागलकर_शूटर
पिशवी पाहिजेच की तात्या, हॉटेलात खांद्यावर घेऊन जाताना. कुठं स्वस्तात मिळते तेवढं सांगा.