मदत हवी आहे: डेंग्यू बरा झाला, पण धास्ती जात नाही

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. प्लेटलेट बऱ्याच खाली गेल्या होत्या, ॲडमिट व्हावं लागलं. आता प्लेटलेट दीड लाखाच्या वर आहेत, डॉक्टरांनी कामावर जायला सांगितलंय. तरी मन मानत नाही.

दात घासताना थुंकी जरा लालसर दिसली की छातीत धस्स होतं. मग आरशासमोर हिरड्या बघायच्या, मोबाईलच्या उजेडात दंडावर लाल ठिपके शोधायचे, थर्मामीटर लावायचा. ९८.८ आलं की थोड्या वेळाने पुन्हा. सीबीसी ही रक्ततपासणी नॉर्मल आली की एखादा दिवस बरा जातो, मग परत तेच. डेंग्यूचे चार प्रकार असतात, दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो, हे वाचल्यापासून तर दिवसभर खिडक्या बंद. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करणं योग्यच, पण मी त्या सारख्या जाऊन बघते.

अशक्तपणा काही आठवडे राहतो, तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केसही गळतात, हे डॉक्टरांनी समजावलंय. कळतं, पण वळत नाही. घरचे प्रेमाने म्हणतात, "विचार करू नकोस." त्याने उलट जास्तच एकटं वाटतं.

कुणी यातून गेलंय का? सारखं तपासण्याची सवय कशी कमी केलीत? समुपदेशनाचा उपयोग झाला का? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर कुणी बोललं असेल तर अनुभव सांगा. पपईच्या पानांचे उपाय कृपया नकोत, प्रश्न आता रक्ताचा नाही, भीतीचा आहे.